स्पीडबोटीतली मानाची जागा

शिरूरला समुद्र नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडं घोड नदी आहे. तिला पाणी आलं की आम्ही पुलावर उभे राहून फोटो काढतो, आमचा पाण्याशी संबंध एवढाच. तरीही एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत बसून मी अर्धं आयुष्य विमे विकले, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं समुद्रावर हातपाय मोडून घेणाऱ्या लोकांची कामं केली. या अंकाच्या संपादकांना हे फार मजेशीर वाटलं. "अनुभव लिहा, पण हलकंफुलकं असू द्या," म्हणाले. त्यांना सांगायला काय जातंय.

सुरुवात मी म्हशी आणि ट्रॅक्टरपासून केली. म्हैस मेली की फोटो काढायला मला बोलावणं यायचं, आणि मालकापेक्षा मलाच जास्त दुःख झाल्यासारखा चेहरा करावा लागायचा. मग रांजणगावला कारखाने आले, जमिनींना भाव आले, आणि ज्यांचा लांबचा प्रवास दौंडला जाऊन गाडी बदलण्यापर्यंतच होता ती माणसं थायलंड, बाली, दुबईला निघाली. चांगलं झालं, माझं काही म्हणणं नाही. फक्त येताना म्हणायची, "ताई, तेवढा इन्शुरन्सचा कागद द्या. टूरवाला मागतोय." त्यांच्या लेखी तो कागदच. फोटो लागतात, झेरॉक्स लागते, तसा विमा लागतो.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परदेशात तुम्ही पडलात, आजारी झालात, तर तिथल्या हॉस्पिटलचं बिल कंपनी भरते. गरज लागली तर बोटीनं, विमानानं मोठ्या हॉस्पिटलात हलवते, आणि अगदीच वेळ आली तर सोबत डॉक्टर देऊन घरी आणून पोचवते. तिथली हॉस्पिटलं गोड बोलतात, स्वच्छ असतात, आणि बिल बघून धडधाकट माणूस आडवा होतो. म्हणून हा विमा. त्याच्या मुख्य अटी साध्या आहेत. असलेला आजार लपवायचा नाही. पिऊन पराक्रम करायचे नाहीत. आणि काही झालं तर आधी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन करायचा. पहिली अट ऐकून लोक घसा खाकरतात, दुसरी ऐकून बायका नवऱ्यांकडं बघतात, आणि तिसरी कुणी ऐकतच नाही.

समुद्राचं म्हणाल तर सगळ्यांना बुडायची भीती. "बुडालो तर किती मिळतील?" हा पहिला प्रश्न. अहो, बुडतंय कोण? लोक ओल्या डेकवर चपला घालून नाचतात आणि मनगट मोडून घेतात. बोट धक्क्याला लागायच्या आत उडी मारतात आणि बोटं चेमटून घेतात. जेलीफिश दिसला की हातात घेऊन बघतात. माझ्याकडं आलेल्या दाव्यांत समुद्राची चूक फार थोडी होती.

दौंडचे एक रिटायर्ड रेल्वे गार्ड होते, आमच्या ह्यांचे जुने सहकारी. लेकीबरोबर मोठ्या जहाजावरून फिरायला निघाले होते. त्यांनी पॉलिसीतला शब्दन् शब्द वाचला आणि न्हावऱ्याच्या रस्त्यानं एसटीनं येऊन येऊन माझं डोकं खाल्लं. 'वाजवी खर्च' म्हणजे कुणाच्या मते वाजवी? जहाजावरचा दवाखाना हॉस्पिटल धरायचा की नाही? मी मनातल्या मनात म्हटलं, काका, जाऊ नका, घरीच बसा. हे गेले, आणि जहाजावरच्या पोहायच्या हौदापाशी घसरून मनगट मोडून बसले. पण पडल्या पडल्या यांनी आधी कंपनीला फोन केला, मग डॉक्टरांना हाक मारली, आणि सगळ्यात शेवटी लेकीला सांगितलं. लेक महिनाभर बोलत नव्हती. कंपनीनं मात्र एक प्रश्न न विचारता सगळं बिल भरलं. आयुष्यात असं शहाणं गिऱ्हाईक मला एकच भेटलं, आणि त्यालाच मी वैतागले होते.

आता कवठे येमाईची मंडळी सांगते. त्यांच्यासाठीच तर हे लिहायला घेतलंय.

गावातल्या पतसंस्थेचे एक संचालक, त्यांना सगळे तात्या म्हणतात. पांढरी पँट, पांढरे बूट, आणि फोन कायम स्पीकरवर. त्यांनी दहाबारा जोडप्यांची थायलंडची सहल ठरवली. सोबत आप्पा, म्हणजे तात्यांचे सख्खे चुलते, वय सत्तरीच्या पुढं, गावातलं सगळ्यात वजनदार माणूस. आप्पांशिवाय गावात नारळसुद्धा फुटत नाही, मग सहल कशी निघणार. आणि सोबत सुदाम आचारी. कारण परदेश बघायचा, पण तिथलं खायचं नाही. पिठलं-भाकरी, आमटी-भात, ठेचा हे सगळं थायलंडात मिळालं पाहिजे, तरच थायलंड चांगला. सुदाम गावच्या लग्नाकार्यात चुलवणावर उभा राहणारा माणूस. भाताचं भरलेलं पातेलं एकट्यानं उतरवायचा. बोलायला गरीब.

तात्या पासपोर्टांचा गठ्ठा घेऊन आले. मी एकेक नाव घालत गेले. सुदामच्या नावावर आल्यावर तात्या म्हणाले, "त्याचं ऱ्हाऊ द्या."

"का?"

"तो काय फिराय चाललाय का, ताई? कामाला चाललाय."

"तात्या, समुद्राला कसं कळणार कोण कामाला आलंय?"

"आवो, काय हुतंय त्याला. बैलागत तब्येत हाय. उगं खर्च कशाला वाढवायचा."

मी भांडले. म्हटलं, तुमच्या सगळ्यांच्या विम्यापेक्षा त्याचा गरजेचा आहे, तुमच्या मागं इस्टेट आहे, त्याच्या मागं फक्त त्याचे हातपाय आहेत. तात्या हसले आणि म्हणाले, "तुमचं कमिशन बुडतंय व्हय?" हे ऐकलं आणि माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मी सुदामचा पासपोर्ट उचलून त्यांच्यासमोर आपटला आणि बाकीच्यांचीच नावं घातली. मग सगळ्यांना मदतीचा नंबर फोनमध्ये घालायला लावला. तात्या म्हणाले, "नंबरची गरज न्हाई पडायची. सायबांचा एक फोन गेला की जगात कुठंबी काम हुतं." साहेब म्हणजे आमच्याकडचे एक पुढारी. नाव कशाला घेऊ, प्रत्येक तालुक्यात असतात.

पुढं बोटीत काय झालं ते मला आप्पांनी स्वतः सांगितलं, आणि आप्पा खोटं बोलत नाहीत. तेवढा त्रास ते कुणासाठी घेत नाहीत.

बेटावर जायला स्पीडबोट होती. आमच्याकडं जीप असो, ट्रॅक्टर असो, लग्नाची गाडी असो, पुढची जागा मोठ्या माणसाची. आप्पा आले की ड्रायव्हरशेजारचा माणूस न सांगता उठून मागं जातो. बोटीत चढल्या चढल्या तात्यांनी आधी हेच बघितलं, आणि सगळ्यात पुढं, बोटीच्या टोकाला, आप्पांना बसवलं. बोटीवरचा माणूस हातवारे करून सांगत होता, म्हाताऱ्या माणसाला मागं बसवा, मागं. कारण अगदी साधं आहे. स्पीडबोट लाटेवर चढली की तिचं टोक हवेत उचलतं आणि दाणकन पाण्यावर आदळतं. मागं बसणाऱ्याला हिसका बसतो, पुढच्याचा मणका मोडतो. थायलंडच्या त्या माणसाला ते रोजचं माहीत. पण त्याला आप्पा कोण हे माहीत नव्हतं. तात्यांना वाटलं, हा मागं बसवून आप्पांचा अपमान करतोय. सगळी मंडळी चिडली. "आप्पा म्होरंच बसणार," असं मराठीतून त्याला ठणकावून सांगितलं. आणि आप्पांना धरायला म्हणून शेजारी सुदामला बसवलं, मांडीवर चिवड्याचा डबा देऊन.

लाट आली. टोक वर गेलं. सगळे हसले, ओरडले, एकानं व्हिडिओ काढला. सुदामनं डबा सोडला आणि आप्पांना दोन्ही हातांनी कवेत घेतलं. बोट आदळली तेव्हा आप्पांचं सगळं वजन त्याच्या अंगावर आलं. आप्पांचा खुबा मोडला. सुदाम उठला, बसला, आणि म्हणाला, "काय न्हाई, काय न्हाई."

बेटावरच्या छोट्या दवाखान्यात आप्पांना नेलं. आप्पा वेदनेनं शिव्या देत होते, त्यामुळं सगळे त्यांच्याभोवती. सुदाम बाहेर बाकावर बसलेला. आणि आमची मंडळी मदतीच्या नंबरवर फोन करायचा सोडून काय करत होती? साहेबांना फोन लावत होती. साहेब मीटिंगमध्ये. मग साहेबांच्या पीएला. पीए म्हणाला, "सांगतो साहेबांना." मग साहेबांनी पुण्यात कुणाला तरी फोन केला, त्यानं मुंबईत कुणाला तरी केला, आणि मुंबईच्या माणसानं विचारलं, "थायलंड कुठल्या तालुक्यात येतं?" असं मी म्हणत नाही हो, पण एकूण प्रकार त्याच धर्तीचा. थायलंडच्या डॉक्टरला साहेब माहीत नव्हते. बिचाऱ्याच्या शिक्षणात तेवढी उणीव राहून गेली होती.

शेवटी दुपारी तात्यांचा मला फोन आला. "ताई, कंपनीचा मानूस पाठवा."

"तात्या, नंबर लावला का?"

"कुठला नंबर?"

मी डोक्याला हात लावला. पॉलिसी त्यांच्याच व्हॉट्सॲपवर मी पाठवली होती. ती सुप्रभाताच्या फुलांखाली गाडली गेली होती. मी इथून कंपनीला कळवलं, तिकडं त्यांना नंबर लावायला लावला. पुढं हिंदीत बोलणारी मुलगी भेटली, आणि एकदा ते चक्र फिरलं की मग ते झकास फिरतं. दवाखान्याला पैशांची हमी मिळाली, बोट-अँब्युलन्स ठरली, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात बेड तयार. यालाच विमा म्हणतात. कागदाला नाही.

आणि तेव्हा, फोन ठेवायच्या आत, मी सहज विचारलं, "बाकी सगळे ठीक ना?"

"हां, ठीक. सुदामला जरा पाठीत मार लागलाय. पायाला मुंग्या येत्यात म्हणतोय. गोळी दिली हाय."

पाठीवर आदळलेला माणूस पायाला मुंग्या येतात म्हणाला तर त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांत पाठ झाला होता. मणका तुटून शिरेवर दाब आला की असं होतं. लवकर मोकळी केली नाही तर माणूस चुलीपाशीच काय, कुठंच उभा राहत नाही. मी ओरडून सांगितलं, "तात्या, त्याला उठवू-बसवू नका, पाठीवर सरळ झोपवा, आणि आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या."

मग तात्या हळूच म्हणाले, "ताई, आता त्याचं नाव घालता यील का? मागच्या तारखेनं?"

लोक मला विचारतात, या धंद्यात तुम्हाला कधी रडू आलं का. तेव्हा आलं. संतापानं आलं. "नाही," म्हटलं, "नाही घालता येत." आणि आप्पांना फोन द्यायला लावला.

आप्पांना मी जे होतं ते सरळ सांगितलं. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "बाई, त्याचं पाय जातील का?"

"उशीर झाला तर जातील, आप्पा."

"बरं," म्हणाले, आणि फोन परत दिला.

अँब्युलन्सच्या बोटीत रुग्णाबरोबर एकच माणूस घेतात. तात्या कपडे बदलून, पांढरे बूट घालून तयार उभे होते. आप्पा म्हणाले, "माझ्यासंगं सुदाम यील."

"आप्पा, त्योच आजारी हाय. त्यो काय तुमची सेवा करणार?"

"म्हून तर. आन् त्याला आडवा घ्या, बसवायचा न्हाई."

बोटीवरच्या लोकांनी नियम सांगून बघितला. आप्पांनी त्यांच्याशी मराठीत हुज्जत घातली. दवाखान्यातली नर्स शहाणी निघाली, तिनं सुदामचे पाय दाबून बघितले आणि स्वतःच बोटवाल्यांना काहीतरी सुनावलं. दोघं आडवे गेले.

शहरात पोचल्यावर फोटो, स्कॅन झाले. आप्पांचं सगळं कंपनी करणार होती. सुदामचं डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लगेच, आणि आधी पैसे भरा. आता पैसे कोण भरणार? आमची मंडळी मागाहून हॉस्पिटलात पोचली आणि कोपऱ्यात उभी राहून कुजबुजायला लागली. कुणी म्हणालं, विमानानं पुण्याला नेऊ, तिथं स्वस्त पडंल. कुणी म्हणालं, त्याच्या घरच्यांना विचारू. कुणी म्हणालं, गावात गेल्यावर वर्गणी काढू. मान देताना ही सगळी माणसं एकमेकांना ढकलून पुढं येतात. तेव्हा एकाचाही पाय पुढं पडेना.

आप्पांना ऑपरेशनच्या खोलीत न्यायला लोक आले. संमतीची सही हवी होती. आप्पांनी पेन खाली ठेवलं. "आधी त्याचं," म्हणाले.

डॉक्टर समजावून थकले. आप्पांच्या जिवालाही धोका होता, त्या वयात खुबा असा मोडका ठेवून चालत नाही. तात्यांनी पाया पडून बघितलं. आप्पांचं एकच, "माझ्या खुब्याला घाई न्हाई. त्यानं मला धरलं म्हून त्याची पाठ मोडली. त्याला तसाच टाकून मी बरा होऊन गावात आलो, तर कुणाला तोंड दावू?" आणि तात्यांना म्हणाले, "तू मला म्होरं बसवलास. आता तू म्होरं हो."

मला हे तात्यांच्या बायकोनं सांगितलं. तिनंच पहिल्यांदा पर्समधलं कार्ड काढून नवऱ्याच्या हातात दिलं. मग बाकीच्या बायका सरसावल्या. परत येताना सोनं घ्यायचं ठरलं होतं, मसाज ठरला होता, वाघांबरोबर फोटो ठरला होता. ते सगळं हॉस्पिटलच्या काउंटरवर गेलं. तात्यांना गावाकडचा एक प्लॉट गहाण टाकावा लागला असं नंतर कानावर आलं. मी विचारलं नाही. जो खर्च वाढवायचा नव्हता तो असा वाढला, एवढंच.

सुदामचं ऑपरेशन झालं. मग आप्पांचं झालं. आप्पांना कंपनीनं डॉक्टर सोबत देऊन विमानात झोपवून आणलं. सुदाम काही आठवडे तिथंच राहिला, तात्यांच्या बायकोनं सोबत थांबून त्याचं केलं. सुदाम चालणार की नाही, हे तिथले डॉक्टरही सांगत नव्हते. बघू, म्हणायचे. त्याच्या बायकोला मी फोन करायचे तेव्हा मलाही दुसरं काही सुचायचं नाही. बघू, म्हणायचे.

इकडं गावात मोठा फ्लेक्स लागला. 'साहेबांच्या एका फोनमुळे आप्पा सुखरूप मायदेशी.' साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली आप्पांचा छोटा, आणि कडेनं शुभेच्छुकांची रांग. विमा कंपनीचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. नसू दे. फ्लेक्सवर यायचं माझं वय गेलं.

आप्पा काठीनं चालायला लागल्यावर गावात सत्काराचा कार्यक्रम झाला. मला आमंत्रण होतं. मांडव, भाषणं, साहेबांचं मोठं भाषण. साहेबांनी तो फोन कसा केला हे इतकं रंगवून सांगितलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. मग जेवण. गावाची पंगत खाली जमिनीवर. व्यासपीठाजवळ पुढाऱ्यांसाठी एकच टेबल आणि चार खुर्च्या. तेवढ्यात सुदाम आला. पाठीला पट्टा, अंग जरा पुढं झुकलेलं, पण कुणाचा हात न धरता आला. डॉक्टरांनी त्याला जमिनीवर बसायला मनाई केली होती. तो मांडवाच्या खांबाशी उभाच राहिला.

आप्पांनी त्याला बघितलं. शेजारच्या खुर्चीवर साहेबांचे पीए बसले होते. आप्पांनी त्यांना काठीनं खुणावून उठवलं आणि सुदामला बोलावलं. सुदाम नको नको म्हणत बसला. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला साहेब. साहेबांना वाटलं आप्पांचे कुणी पाहुणे असतील. त्यांनी अदबीनं विचारलं, "आपण काय करता?"

"आचारी हाय, सायेब. तुमच्या निवडणुकीच्या सभांचा भात मीच लावायचो."

साहेब आमटी ओरपायला लागले. दोन माणसांनी वाढलेलं ताट सुदामसमोर आलं. तो ते नुसतंच बघत होता. दुसऱ्या कुणी शिजवलेलं, आयतं, असं त्याच्यापुढं कार्यात कधी आलं नसावं.

तात्या वाढत होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सुदामराव, पुढल्या साली अंदमान. ह्या टायमाला तुमचं नाव पयलं घालतो इन्शुरन्सला. ताई, लिहून ठिवा." मंडळी हसली. तात्यांना हे मनापासून म्हणायचं होतं, हे मी कबूल करते. चेहऱ्यावरून कळत होतं.

सुदामनं तात्यांकडं बघितलं. "मी न्हाई येत, तात्या," म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, गरीब. "पातेलं उचलायचं बंद केलंय डाक्टरनी. पर जो कुणी आचारी न्याल, त्याचं तेवढं घाला. इचारू नका त्याला. न्हाई म्हणंल त्यो."

तात्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. सुदामनं चार घास खाल्ले, ताट उचललं, कुणी घ्यायला आलं तर त्याला नको म्हणाला, आणि मांडवाच्या कडेच्या नळाकडं निघाला. सावकाश, एकेक पाऊल बघून टाकत. साहेब आप्पांना काहीतरी सांगत होते. आप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. हातातला घास तसाच धरून ते सुदामच्या पायांकडं बघत होते, आणि तो नळापर्यंत पोचेस्तोवर त्यांनी तो तोंडात घातला नाही.